शाळेच्या हद्दी बदलत आहेत: वसाहतीच्या निवेदनावर सही करावी का?

वेशीवरची:

सर्वांना नमस्कार. आम्ही वॉशिंग्टनच्या परिसरातील एका मोठ्या काउंटीत राहतो. येथील स्कूल बोर्डाने शाळांच्या हद्दी, म्हणजे कोणत्या वस्तीतील मुलांनी कोणत्या सरकारी शाळेत जायचे त्या रेषा, नव्याने आखायला घेतल्या असून, मसुदा-नकाशात आमची वसाहत सध्याच्या हायस्कूलमधून काढून शेजारच्या हायस्कूलला जोडली आहे. सध्याच्या शाळेत क्षमतेपेक्षा इतकी जास्त मुले आहेत की काही वर्ग आवारात उभ्या केलेल्या ट्रेलरमध्ये भरतात. शेजारच्या शाळेत जागा रिकाम्या आहेत. अंतरात विशेष फरक नाही. फरक आहे तो एपी विषयांच्या (हायस्कूलमध्येच शिकवल्या जाणाऱ्या कॉलेजच्या पातळीच्या विषयांच्या) संख्येत, परीक्षांच्या सरासरी गुणांत आणि मोफत किंवा सवलतीच्या दरात जेवण घेणाऱ्या, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतील, मुलांच्या प्रमाणात.

वसाहतीतील पालकांनी बोर्डाला द्यायचे निवेदन तयार केले आहे. सह्या करणाऱ्यांत निम्म्याहून अधिक भारतीय आणि चिनी कुटुंबे आहेत. निवेदनात तीन गोष्टी एकत्र बांधल्या आहेत: आमची हद्द बदलू नये, घरांच्या किमतीवर होणाऱ्या परिणामाची दखल घ्यावी, आणि मुलांवरील ताण कमी करण्याच्या नावाखाली प्राथमिक शाळेतील प्रगत गणिताचा वर्ग पुढे ढकलण्याचा जो प्रस्ताव याच सुमारास आला आहे, तो मागे घ्यावा. यजमानांचे मत सही करावी असे आहे, कारण हे घर आम्ही शाळा पाहूनच ऐपतीच्या वरच्या टोकाला जाऊन घेतले. मला त्यांचे म्हणणे कळते. परंतु निवेदनात शेजारच्या शाळेतील मुलांविषयी ज्या सुरात लिहिले आहे, तो सूर मला माझ्या नावाने बोर्डापुढे जायला नको आहे. शिवाय आठवीतली थोरली मुलगी शनिवार-रविवारचे गणिताचे क्लास, वादविवाद आणि व्हायोलिन या सगळ्यांतून रात्री उशिरा झोपते, तेव्हा आपण नेमके कशाचे रक्षण करायला निघालो आहोत असा प्रश्न मनात येतो. धाकटा पाचवीत आहे. हद्दीचा खरा परिणाम त्याच्यावरच होईल.

ज्यांनी अशा वादातून प्रत्यक्ष वाट काढली आहे, त्यांचे अनुभव ऐकायला आवडतील.

कोलंबियाकर:

मी मेरीलँडच्या हॉवर्ड काउंटीत राहतो. आमच्याकडे २०१९ मध्ये जे झाले ते इथल्या अनेकांना बातम्यांपुरते ठाऊक असेल, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

मुळात आमच्या काउंटीतले कोलंबिया हे शहर कशासाठी वसवले गेले ते लक्षात घ्यायला हवे. जेम्स राऊज या बांधकाम व्यावसायिकांनी १९६७ मध्ये ते वसवले ते निरनिराळ्या वंशांची आणि निरनिराळ्या उत्पन्नाची माणसे एकाच वस्तीत राहावीत या उद्देशाने, आणि तेही काउंटीच्या शाळांतील वर्णभेद १९६५ मध्ये पूर्णपणे संपल्यावर दोनच वर्षांनी. इथल्या लोकांना त्याचा अभिमान आहे. पुढे मात्र काउंटीच्या पश्चिम भागात मोठी घरे आणि नावाजलेल्या शाळा, तर कोलंबियाच्या जुन्या भागांतील शाळांत गरीब कुटुंबांतील मुलांचे प्रमाण अधिक, अशी विभागणी होत गेली. ऑगस्ट २०१९ मध्ये काउंटी कौन्सिलच्या काही सदस्यांनी शाळांतील ही विभागणी कमी करावी असा ठराव मांडला, आणि त्याच महिन्यात काउंटीच्या शाळांचे प्रमुख अधिकारी, म्हणजे सुपरिंटेंडंट, मायकेल मार्टिरानो यांनी सुमारे ७,४०० मुलांच्या शाळा बदलणारी योजना बोर्डापुढे ठेवली. तेव्हा सगळ्या शाळांत मिळून मुले होती ५८ हजारांच्या आसपास. एका बाजूच्या शाळा तुडुंब भरल्या होत्या आणि दुसऱ्या बाजूला जागा होत्या, हे कारण होतेच. गरिबीचे प्रमाण शाळाशाळांत अधिक समान वाटले जावे हा हेतूही योजनेत उघडपणे लिहिलेला होता.

त्यानंतरचे तीन महिने फार वाईट गेले. मोर्चे निघाले, पत्रांचा पाऊस पडला, जाहीर सुनावण्या रात्री उशिरापर्यंत चालल्या. पश्चिमेकडील रिव्हर हिल हायस्कूलच्या हद्दीतील काही वसाहती कोलंबियातील वाइल्ड लेक हायस्कूलला जोडायच्या, हा त्यातला सर्वांत कडवट भाग होता. विरोध करणाऱ्यांत भारतीय, चिनी आणि कोरियन पालक मोठ्या संख्येने होते, आणि त्यांतील बहुतेकांना आपल्यावर वंशद्वेषाचा शिक्का बसतो याचा मनापासून राग होता. मात्र बोर्डाकडे आलेल्या पत्रांपैकी काही पत्रे खरोखरच उघड वंशद्वेषी होती, आणि त्यांच्यामुळे ज्यांचे आक्षेप बस, अंतर आणि भावंडांची ताटातूट याविषयी होते, त्यांचेही म्हणणे संशयाने ऐकले गेले. निवेदनाच्या सुराविषयी तुम्हाला जे वाटते ते म्हणूनच केवळ संकोचाचे नाही. त्याचा व्यावहारिक परिणाम होतो.

शेवटी २१ नोव्हेंबर २०१९ ला बोर्डाने सुधारित योजना मंजूर केली आणि सुमारे ५,४०० मुलांच्या शाळा बदलल्या. म्हणजे सुनावण्यांनंतर आकडा खाली आला, पण योजना रद्द झाली नाही. अंमल २०२० च्या शरद ऋतूपासून होता. तोवर कोविड आला, आणि ज्या शाळेत जावे लागेल म्हणून एवढे रान उठवले होते त्या शाळेत मुले पहिले काही महिने घरातल्या टेबलावरून, पडद्यावरच दाखल झाली. पुढे २०२३ मध्ये जेसप येथे गिलफोर्ड पार्क हे नवे हायस्कूल सुरू झाले आणि त्यासाठी पुन्हा हद्दी बदलल्या. सांगायचा मुद्दा हा, की आपण घर विकत घेतो, शाळा विकत घेत नाही. मेरीलँडमध्ये आणि व्हर्जिनियाच्या बहुतेक भागांत संपूर्ण काउंटीची एकच शाळाव्यवस्था असते, आणि आतल्या रेषा हलवण्याचा अधिकार बोर्डाला असतोच. व्हर्जिनियातील फेअरफॅक्स काउंटीने तर २०२४ मध्ये धोरण बदलून दर पाच वर्षांनी हद्दींचा आढावा घेण्याचे ठरवले. त्याआधी तिथे सर्वंकष आढावा कित्येक दशके झालाच नव्हता, आणि म्हणूनच तिथल्या लोकांना हद्द म्हणजे दगडावरची रेघ वाटू लागली होती.

बोर्ड कोणत्या मुद्द्यांवर हलते, हेही सांगतो. घराची किंमत हा मुद्दा ऐकून सदस्य मान डोलावतात आणि पुढच्या वक्त्याला बोलावतात. प्राथमिक शाळेतील मुलांचा छोटासा गट पुढच्या शाळेत बाकीच्यांपासून तुटून एकटा पडतो, हा आक्षेप मात्र आमच्या काउंटीच्या हद्दीविषयक धोरणातच निकष म्हणून लिहिलेला आहे. चालत जाणारी मुले बसवर ढकलली जाणे, एकाच वसाहतीचे दोन तुकडे होणे, अंदाजित पटसंख्येत चूक असणे, यांचीही दखल घेतली जाते. तुमच्या काउंटीच्या धोरणात नेमके कोणते निकष आहेत ते आधी वाचा आणि त्यांच्याच भाषेत बोला. मुलगी हायस्कूलमध्ये गेल्यावर मध्येच शाळा बदलू नये यासाठी आधीपासून शिकणाऱ्या मुलांना तिथेच राहू देण्याची, आणि भावंडांना सोबत ठेवण्याची मागणी वेगळी करता येते. बहुतेक ठिकाणी शेवटच्या एक-दोन वर्षांच्या मुलांना अशी मुभा मिळते, पण त्यांना बस मिळेलच असे नाही. तो प्रश्न आधी विचारून घ्या.

घरकर्जाचा_धनी:

वरचा प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, परंतु घराच्या किमतीचा मुद्दा इतक्या सहज बाजूला सारलेला मला पटत नाही. सॅन्ड्रा ब्लॅक या अर्थतज्ज्ञ बाईंनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बॉस्टनच्या उपनगरांतील अशी घरे तपासली, जी एकाच गावात, एकाच करव्यवस्थेत होती, पण शाळेच्या हद्दीच्या अलीकडे आणि पलीकडे. शाळेचे गुण ५ टक्क्यांनी जास्त असतील तर पालक घरासाठी सुमारे २.५ टक्के जास्त मोजतात, असे त्यात आढळले. नऊ लाख डॉलरच्या घरावर हे साडेबावीस हजार होतात, आणि दोन शाळांच्या गुणांतील फरक त्याहून मोठा असेल तर आकडाही मोठा होतो. ज्याच्या नावावर तीस वर्षांचे कर्ज आहे आणि ज्याचा व्हिसा नोकरीला बांधलेला आहे, त्याने ही रक्कम विसरावी असे म्हणणे सोपे आहे.

दुसरे असे की आपल्यासारख्यांच्या मुलांना या देशात ना आजोबांच्या कॉलेजची ओळख मिळते, ना वडिलांच्या गोल्फच्या मैदानावरची. त्यांच्या हाती गुणपत्रिका असते. प्रगत गणिताचा वर्ग बंद किंवा उशिरा झाला की श्रीमंत पालक खासगी शिकवणी लावतात. ज्याला ती परवडत नाही त्याच्या हुशार मुलाचे नुकसान होते. ताण कमी करण्याच्या नावाने समान संधीच कमी होत असेल तर पालकांनी बोलायलाच हवे. सुराबद्दल आक्षेप असेल तर मसुदा दुरुस्त करायला सांगा, पण सही करा.

प्लेन्सबरोचे_आई-बाबा:

आम्ही न्यू जर्सीत वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो या शालेय जिल्ह्यात राहतो, त्यामुळे या प्रश्नाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाविषयी, म्हणजे ताण आणि प्रगत गणित याविषयी, लिहिण्याचा अधिकार आम्हाला थोडाफार आहे. न्यू जर्सीत शाळांचे सुमारे सहाशे जिल्हे, म्हणजे स्वतंत्र शाळाव्यवस्था, आहेत आणि बहुतेक ठिकाणी गावाची वेस हीच शाळेची वेस असते. त्यामुळे मेरीलँडसारखी काउंटीभर हद्दी हलवण्याची भांडणे इथे उद्भवतच नाहीत. ती रेषा इतकी पक्की आहे की कुणी तिच्याशी भांडत नाही. डेट्रॉइटच्या शाळांतील वर्णभेदाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये दिलेल्या निकालानंतर, वर्णभेद मोडण्यासाठी जिल्ह्याची सीमा ओलांडून मुलांची वाटणी करा असा आदेश न्यायालयांकडून मिळवणे देशभर जवळजवळ अशक्य झाले, आणि उपनगरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आमच्याकडे वाद झाला तो अभ्यासाच्या ओझ्याचा.

ऑक्टोबर २०१५ मध्ये आमचे सुपरिंटेंडंट डेव्हिड एडरहोल्ड यांनी पालकांना सोळा पानांचे पत्र लिहिले. जिल्ह्यात तेव्हा सुमारे ९,७०० विद्यार्थी होते आणि त्यांतील जवळपास ६५ टक्के आशियाई वंशाचे होते. आदल्या शैक्षणिक वर्षात मिडल स्कूल आणि हायस्कूलच्या १२० मुलांना मानसिक आरोग्याची तपासणी करून घ्यायला सांगावे लागले आणि ४० मुलांना रुग्णालयात दाखल करावे लागले, हे त्या निमित्ताने सर्वांसमोर आले. त्यानंतर हायस्कूलच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षा बंद झाल्या, गृहपाठाविना काही रात्री ठरवल्या गेल्या, आणि प्रगत गणिताचा जो वेगळा वर्ग चौथी-पाचवीत होता तो सहावीपासून सुरू करण्याचे ठरले. तुमच्या निवेदनातील तिसरा मुद्दा म्हणूनच आम्हाला इतका ओळखीचा वाटला.

त्या वेळी सभागृह सरळ दोन भागांत विभागले गेले, आणि बातम्यांत त्याला गोरे विरुद्ध आशियाई असे रूप दिले गेले. प्रत्यक्षात आमच्या ओळखीच्या मराठी घरांतही दोन्ही मते होती, कधी एकाच जेवणाच्या टेबलावर. घरकर्जाचे धनी म्हणतात ती भीती आम्ही तेव्हा शब्दशः ऐकली आहे, आणि ती अगदी निराधार नाही: शाळेतला वर्ग गेल्यावर बाहेरचे क्लास ओस पडले नाहीत. परंतु जी ४० मुले रुग्णालयात गेली, ती समान संधीच्या अभावाने गेली असे कुणी म्हणू शकत नाही.

इथे डॉ. सुनिया लूथर यांच्या कामाचा उल्लेख करावासा वाटतो. दिल्लीत शिकून अमेरिकेत आलेल्या या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सुरुवातीला गरीब वस्तीतील किशोरवयीन मुलांचा अभ्यास केला, आणि तुलनेसाठी घेतलेली सुखवस्तू उपनगरातील मुलेच व्यसन, चिंता आणि नैराश्य यांत कमी नाहीत, काही बाबतींत पुढेच आहेत, असे त्यांना दिसले. पुढची वीस-पंचवीस वर्षे, २०२३ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत, त्या याच विषयावर काम करत राहिल्या. २०१८ मध्ये आरोग्यविषयक काम करणाऱ्या रॉबर्ट वुड जॉन्सन फाउंडेशन या संस्थेच्या अहवालात किशोरवयीन मुलांच्या मानसिक आरोग्याला धोका देणाऱ्या परिस्थितींची जी यादी आली, त्यात गरिबी, आघात आणि भेदभाव यांच्या जोडीला यशाचे अतिरेकी दडपण हेही नाव होते. म्हणजे ज्या शाळेतून बाहेर पडू नये म्हणून आपण सह्या गोळा करतो, ती या यादीच्या बाहेरची सुरक्षित जागा नव्हे.

एवढे सगळे लिहूनही हे मान्य करावे लागते की शाळेने परीक्षा काढल्या म्हणून घरातले वातावरण बदलत नाही. आमच्याकडे काही घरांत परीक्षेच्या मोकळ्या झालेल्या आठवड्यात दुसऱ्याच परीक्षेची तयारी सुरू झाली. तुमची मुलगी रात्री उशिरा झोपते ती सध्याच्या शाळेमुळे की ठरवून दिलेल्या तीन उपक्रमांमुळे, याचे उत्तर नकाशात मिळणार नाही.

फ्रिस्कोहून:

टेक्सासचा अनुभव थोडा उलटा आहे, म्हणून लिहितो. इथे १९९७ च्या कायद्यानुसार हायस्कूलच्या वर्गात पहिल्या दहा टक्क्यांत येणाऱ्याला राज्याच्या विद्यापीठांत थेट प्रवेश मिळतो. ऑस्टिनच्या मुख्य विद्यापीठापुरती ही मर्यादा आवळत आवळत २०२६ च्या शरद ऋतूतील प्रवेशासाठी पाच टक्क्यांवर आली आहे. क्रमांक लागतो तो आपापल्या शाळेत. त्यामुळे हुशार मुलांनी गच्च भरलेल्या शाळेत तुमचे मूल पंधराव्या टक्क्यात राहू शकते आणि शेजारच्या साध्या शाळेत तेच मूल चौथ्या टक्क्यात येऊ शकते. काही पालक हे गणित मांडून मुद्दाम कमी चुरशीची हद्द शोधतात, हे मी पाहिले आहे.

फ्रिस्कोत वस्ती इतक्या वेगाने वाढली आणि शाळा मुद्दाम दोन हजारांच्या आसपास मुलांच्या ठेवण्याचे धोरण असल्याने आज बारा हायस्कूल आहेत. प्रत्येक नवी शाळा उघडली की आजूबाजूच्या हद्दी हलल्या. लोक कुरकुरतात आणि वर्षभरात नव्या शाळेच्या रंगाचे टी-शर्ट घालून फुटबॉलच्या सामन्याला जातात. तुमच्याकडे प्रवेशाचे नियम वेगळे आहेत, तेव्हा हे तसेच्या तसे लागू होणार नाही. पण ‘चांगली शाळा’ म्हणजे कुणासाठी चांगली, हे निवेदनात कुठे लिहिले आहे का?

कोथरूडची_मावशी:

लांबून वाचते आहे, पण एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलून, ज्या खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांतून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द ठरवला. त्या काळात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर जे लिहिले जात होते, ते आणि तुमच्या वसाहतीच्या निवेदनातील वाक्ये शेजारी ठेवली तर कुठले पुण्याचे आणि कुठले अमेरिकेचे हे ओळखता येणार नाही. फरक एवढाच की इथे ‘त्या’ मुलांना आत येऊ द्यायचे की नाही हा वाद होता, आणि तुमच्याकडे आपल्या मुलांना ‘त्या’ शाळेत जाऊ द्यायचे की नाही, हा आहे.

घरकर्जाचा_धनी:

मावशी, निवेदनावर सही करणारा प्रत्येक जण ‘त्या’ मुलांच्या विरोधात असतो असे समजू नका. नव्या शाळेत मुलीला हवा तो विषय शिकवलाच जात नसेल, तर ती अडचण खरी आहे. कोलंबियाकरांनी सांगावे: रिव्हर हिलमधून हललेल्या मुलांना एपीचे विषय मिळाले का?

कोलंबियाकर:

माझ्या परिचयातील घरांत मिळाले. पण विषय उपलब्ध असणे आणि त्या विषयाचा वर्ग भरण्याइतकी मुले असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्या प्रगत विषयाला पुरेशी नोंदणी झाली नाही तर शाळा तो वर्ग चालवत नाही. आणि नोंदणी करणारी मुले जिथून येतात त्या वसाहती नव्या शाळेत गेल्या नाहीत, तर वर्ग भरणार कसा? तुमचा आक्षेप खरा आहे, म्हणून तो हद्द न बदलण्याची मागणी करण्याऐवजी, हद्द बदलल्यास नव्या शाळेत अमुक विषय पहिली काही वर्षे कमी नोंदणीतही चालवावेत, या मागणीच्या रूपात मांडता येतो. अशी मागणी बोर्डाला मान्य करायला स्वस्त पडते.

वेशीवरची:

सर्वांचे मनापासून आभार. यजमानांनीही हा धागा वाचला, आणि साडेबावीस हजारांच्या आकड्यावर आमची बरीच चर्चा झाली. त्यांच्या मनात जी रक्कम होती ती याहून कितीतरी मोठी होती.

निवेदनावर मी सही करत नाही, ते कदाचित करतील. दोघांत यावर एकमत झालेले नाही आणि लगेच होईल असे दिसत नाही. मात्र सुनावणीत बोलण्यासाठी मी स्वतंत्र नाव नोंदवले आहे. तेथे दोनच गोष्टी मांडायच्या ठरवल्या आहेत: आमच्या प्राथमिक शाळेतून नव्या बाजूला जाणारा गट फार लहान आहे, तेव्हा शेजारच्या वसाहतीही सोबत पाठवाव्यात, आणि नव्या शाळेत प्रगत गणिताचा व एपी विज्ञानाचा वर्ग कमी नोंदणी असली तरी चालवावा. काउंटीचे धोरण उघडून पाहिले. त्यात लहान गटाचा मुद्दा आमच्याकडेही निकष म्हणून आहे, पण किती लहान म्हणजे लहान हे लिहिलेले नाही. कोलंबियाकर, तुमच्याकडे यासाठी टक्केवारी ठरलेली असेल तर त्या धोरणाचा क्रमांक कृपया कळवावा; सुनावणीत तुलनेसाठी तो सांगता येईल.

थोरलीला वादविवादाचा वर्ग सोडायचा आहे, असे तिने परवा सांगितले. तो विषय या धाग्याचा नाही, त्यामुळे इथे लिहीत नाही.